नांवावरून नोंद: सैल भाषांतील नामसारणीची घडण

कोशांत शब्द पाहणाऱ्या माणसाला त्या शब्दाचा पृष्ठांक ठाऊक असावा लागत नाहीं. शब्द ठाऊक असला म्हणजे पुरे. त्याच्याच आधारानें अर्थापर्यंत जातां येतें. वाण्याच्या खतावणींत गिऱ्हाइकाच्या नांवाचें पान असतें, दवाखान्यांत रोग्याच्या नांवाचा कागद असतो, ग्रंथालयांत ग्रंथकाराच्या नांवाचें पत्र असतें. या सर्व ठिकाणीं व्यवस्था एकच आहे: एक खूण सांगावयाची आणि तिच्याशीं जोडलेली नोंद मिळवावयाची.

संगणकाच्या भाषांत हीच व्यवस्था 'असोसिएटिव्ह ॲरे' या नांवानें ओळखली जाते. मराठींत तिला नामसारणी म्हणण्यास हरकत नाहीं. साध्या सारणींत नोंदी ओळीनें मांडलेल्या असतात, व त्या पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकानेंच मागवाव्या लागतात. नामसारणींत क्रमांकाच्या जागीं गांवाचें नांव, पुस्तकाचें नांव किंवा दूरध्वनीचा क्रमांक अशी खूण चालते. दुकानाचें बिल, रेल्वेचें आरक्षण, शाळेची हजेरी यांपैकीं जें जें आज संगणकावर चालतें, त्याच्या पोटांत कोठें ना कोठें अशी सारणी असते. ती वापरणें इतकें सोपें वाटतें, कीं ती घडविणाराला काय काय ठरवावें लागलें असेल याचा विचारहि सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं.

सारणींत लक्षावधि नोंदी असल्या तरी हवी ती नोंद तत्काळ कशी सांपडते? एकेक नोंद तपासत बसल्यास फार वेळ जाईल. म्हणून खुणेवरूनच तिची जागा काढण्याची युक्ति योजतात. टपालकचेरींत पत्रें वेगळीं करण्यासाठीं कप्पे असतात, त्यांची येथें कल्पना करावी. समजा, कप्पे आठ आहेत. प्रत्येक अक्षरासाठीं संगणकांत एक अंक ठरलेला असतोच. खुणेंतील अक्षरांच्या अंकांचा ठराविक रीतीनें गुणाकार व बेरीज करून एक मोठी संख्या काढावयाची, तिला आठानें भागावयाचें, आणि जी बाकी उरेल त्या क्रमांकाच्या कप्प्यांत नोंद ठेवावयाची. पुढें तीच खूण आली म्हणजे तेंच गणित पुन्हां करावें, कीं कप्पा सांपडला. या रीतीला 'हॅशिंग' म्हणतात. आय. बी. एम. कंपनींतील हान्स पीटर लून यांनीं १९५३ सालीं एका अंतर्गत टिपणांत ही कल्पना मांडली होती.

परंतु दोन निराळ्या खुणांची बाकी एकच येणें अटळ असतें. त्यामुळें कप्पा सांपडल्यावर आंतील खूण आणि मागितलेली खूण समोरासमोर धरून त्या एकच आहेत कीं नाहींत, हें पाहावेंच लागतें. म्हणजे सबंध व्यवस्था अखेर एका प्रश्नावर उभी राहते: दोन खुणा 'एकच' केव्हां मानावयाच्या? उत्तर फार सैल असेल, तर दोन माणसांच्या नोंदी एका पानावर येतात व दुसरी नोंद पहिलीला पुसून टाकते. उत्तर फार कडक असेल, तर एकाच माणसाचीं दोन पानें होतात. दोन्ही प्रकारांत संगणक तक्रार करीत नाहीं, कारण त्याच्या दृष्टीनें कांहींच चुकलेलें नसतें. हिशेब मात्र चुकतो.

कडक भाषांत हा प्रश्न फारसा छळत नाहीं. तेथें प्रत्येक पेटीवर आधीं चिठी लावावी लागते: या पेटींत संख्या राहील, या पेटींत मजकूर राहील. नामसारणीची खूणहि कोणत्या प्रकारची ती आधींच ठरते. सैल भाषांत पेटीवर चिठी नसते. तिच्यांत आतां संख्या ठेवावी, घटकेनें मजकूर ठेवावा. आणि ५ ही संख्या व '५' असा लिहिलेला मजकूर यांची गांठ पडली, तर यांपैकीं बहुतेक भाषा आपण होऊन एकाचें दुसऱ्यांत रूपांतर करतात. ही सवलत उगाच दिलेली नाहीं. माणसें संगणकाला जें जें टंकून देतात तें सर्व मजकूर म्हणूनच येतें, आणि त्यांतील वय किंवा किंमत लगेच बेरजेंत घेतां आली म्हणजे लहानसहान कामें झटपट उरकतात. बेरजेंत या सैलपणानें घोटाळा झालाच, तर उत्तर विचित्र येतें आणि चूक दिसून येते. खुणेच्या बाबतींत मात्र तसें होत नाहीं. तेथें एक नोंद नाहींशी होते, आणि जी नाहींशी झाली ती दिसणार कोणाला?

निरनिराळ्या भाषाकारांनीं या प्रश्नाला निरनिराळीं उत्तरें दिलीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७७ सालीं आल्फ्रेड अहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निहन या तिघांनीं एक छोटी भाषा तयार केली. त्यांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून तिचें नांव 'ऑक' पडलें. ओळीओळीनें लिहिलेल्या याद्या वाचून त्यांवरून हिशेब काढून देणें हें तिचें काम. तिच्या कर्त्यांनीं सारणीचा प्रश्न एका वाक्यांत सोडविला: प्रत्येक खूण हा मजकूरच होय. संख्या दिली तरी ती आधीं अक्षरांत लिहिली जाते आणि मग कप्पा शोधला जातो. त्यामुळें ५ आणि '५' यांचें पान एक, व '०५' चें पान निराळें. नियम एकच असल्यानें तो लक्षांत ठेवणें सोपें.

तरीहि या नियमाला एक चोरवाट आहेच. पूर्णांक नसलेली संख्या अक्षरांत लिहितांना ती नेहमींच्या ठेवणींत सहा सार्थ अंकांपुरतीच लिहिली जाते. ०.१२३४५६१ आणि ०.१२३४५६२ या दोन निराळ्या संख्या आहेत. खूण म्हणून मात्र दोहोंचें रूप ०.१२३४५६ असेंच होतें, आणि दुसरी नोंद पहिलीच्या जागीं येऊन बसते. याद्या वाचणाऱ्या भाषेंत असा प्रसंग विरळा, म्हणून ही उणीव फारशी बोंचली नाहीं.

पीएचपी भाषेचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. रास्मस लेर्डोर्फ यांनीं १९९५ सालीं ती लोकांपुढें ठेवली, आणि पुढें जगांतील असंख्य संकेतस्थळें तिच्यावर उभीं राहिलीं. या भाषेंत ओळीची सारणी व नामसारणी अशा दोन वस्तू नाहींत. एकच ॲरे दोन्ही कामें करतो. नवशिक्याला हें फार सोयीचें पडलें. पण त्यामुळें खुणांचे दोन प्रकार एकाच घरांत राहूं लागले, एक पूर्णांक आणि दुसरा मजकूर. आणि त्यांच्यामध्यें तंटा होऊं नये म्हणून नियम करावा लागला. जो मजकूर अगदीं साध्या पूर्णांकासारखा दिसतो त्याचा पूर्णांकच करावयाचा, असा तो नियम. त्यामुळें '७' या मजकुराची ७ ही संख्या होते. '०७' आरंभींच्या शून्यामुळें मजकूरच राहतो, आणि '+७' हाहि मजकूरच राहतो. 'खरें' या तार्किक मूल्याचा १ होतो. ७.९ या संख्येचा अपूर्णांक गळून ७ उरतो. हें रूपांतर न कळत होऊं नये म्हणून २०२१ सालच्या ८.१ या आवृत्तीपासून त्याबद्दल सूचना मिळूं लागली.

हा नियम वाचतांना निरुपद्रवी वाटतो. त्याचा परिणाम पाहावयाचा तर एका वाचनालयाचें उदाहरण कल्पावें. सभासदांचे क्रमांक '१०४', '२०७' आणि '०३५' असे आहेत, व प्रत्येकाच्या क्रमांकापुढें त्याच्याकडे असलेलीं पुस्तकें लिहिलेलीं आहेत. प्रोग्रॅम लिहिणारानें तिन्ही क्रमांक मजकूर म्हणूनच दिले. भाषेनें मात्र पहिल्या दोहोंचे पूर्णांक केले व तिसरा तसाच ठेवला. पुढें वाचनालयाच्या दोन शाखांच्या सारण्या एकत्र करण्याची वेळ आली. त्यासाठीं पीएचपींत 'ॲरे-मर्ज' नांवाची क्रिया तयार आहे. ती मजकुराच्या खुणा जतन करते. पण पूर्णांक खुणा म्हणजे केवळ ओळींतील जागा असें समजून त्यांना शून्यापासून नवे क्रमांक देते. झालें! '०३५' चा सभासद आपल्या जागीं सुखरूप राहतो, आणि १०४ चा सभासद ० या क्रमांकावर जाऊन बसतो. सारणींतील एकहि पुस्तक कमी झालेलें नसतें, चुकीची सूचना येत नाहीं. फक्त कोणतें पुस्तक कोणाकडे आहे तें आतां कळत नाहीं. बेरजेच्या चिन्हानें सारण्या जोडल्या असत्या तर खुणा टिकल्या असत्या, परंतु हें ज्याला माहीत त्यालाच सुचणार.

आणखी एक गंमत पाहण्यासारखी आहे. दहा अंकी भ्रमणध्वनिक्रमांक खूण म्हणून घेतला, आणि तो नवानें सुरू होत असला, तर बत्तीस बिटांच्या संगणकावर तो पूर्णांकाच्या मर्यादेंत मावत नाहीं, म्हणून मजकूरच राहतो. चौसष्ट बिटांच्या संगणकावर तो मावतो, म्हणून त्याचा पूर्णांक होतो. प्रोग्रॅम तोच, यादी तीच, आणि यंत्र बदलतांच खुणेचा प्रकार बदलला. सवलत देणारा नियम जितका मायाळू, तितका त्याचा अंदाज बांधणें कठीण, असा हा अनुभव आहे.

त्याच १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं जावास्क्रिप्ट भाषा तयार केली. तिच्यांतील 'ऑब्जेक्ट' ही वस्तु पुष्कळ वर्षें नामसारणी म्हणून वापरली गेली. तेथेंहि खूण ही मजकूरच. म्हणून १ आणि '१' एकच. पण एखादी वस्तुच खूण म्हणून दिली तर? तिचेंहि मजकुरांत रूपांतर होतें, आणि बहुतेक साध्या वस्तूंचें मजकुरांतील रूप एकच ठोकळेबाज असतें. म्हणजे शंभर निराळ्या वस्तु शंभर खुणा म्हणून दिल्या तरी सारणींत पान एकच, आणि त्यावर शेवटची नोंद.

शिवाय ही वस्तु रिकामी दिसली तरी खरोखर रिकामी नसते. तिला वारशानें कांहीं नांवें मिळालेलीं असतात. एखाद्या इंग्रजी निबंधांत कोणता शब्द किती वेळां आला हें मोजण्यासाठीं तिचा उपयोग केला, आणि निबंधांत 'कन्स्ट्रक्टर' हा शब्द आला, तर तो पहिल्यांदाच आलेला असूनहि सारणी सांगते कीं त्याची नोंद आधींच आहे. पुस्तकांतील शब्द आणि यंत्राच्या घरचे शब्द एकाच कप्प्यांत ठेवल्याचा हा परिणाम. अखेर २०१५ सालीं या भाषेंत 'मॅप' नांवाची स्वतंत्र नामसारणी आली. तिच्यांत १ आणि '१' निराळे, प्रत्येक वस्तु आपल्यापुरती निराळी, आणि वारशाचीं नांवें मुळींच नाहींत. जुनी रीत मात्र काढून टाकतां आली नाहीं. तिच्यावर विसंबून लिहिलेलीं असंख्य पानें जगभर चालूं होतीं. नियम बदलला असता तर तीं एका रात्रींत बिघडलीं असतीं. खुणेचा नियम एकदां ठरला कीं तो सहसा सुधारतां येत नाहीं, त्याच्या शेजारीं दुसरा उभा करावा लागतो.

सैल भाषेला हा घोटाळा टाळतांच येत नाहीं काय? येतो, आणि त्याचें चांगलें उदाहरण ब्राझील देशांत सांपडतें. रिओ दि जानेरो येथील कॅथॉलिक विद्यापीठांत १९९३ सालीं रोबेर्तो येरुझालिम्स्की आणि त्यांचे दोन सहकारी यांनीं 'लुआ' ही भाषा घडविली. तिच्यांतहि ओळीची सारणी व नामसारणी यांच्यासाठीं 'टेबल' नांवाची एकच वस्तु आहे. बेरजेच्या वेळीं ही भाषा सैल आहे: '१०' या मजकुरांत १ मिळविला तर ती ११ असें उत्तर देते. खुणेच्या वेळीं मात्र ती मुळींच सैल होत नाहीं. १० आणि '१०' यांचीं पानें कायम निराळीं. २ आणि २.० यांना ती एकच मानते, कारण त्या मूल्यानें एकच संख्या आहेत. 'कांहींच नाहीं' हें खूण म्हणून देऊं केलें तर ती नोंद घेण्याचें साफ नाकारते. या भाषेच्या कर्त्यांनीं सोय आणि ओळख या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. मूल्यांचा हिशेब करतांना सवलत द्यावी. ओळख पटवितांना देऊं नये.

खुणेचा नियम ठरल्यावर आणखी दोन प्रश्न उरतात. नसलेली खूण मागितली तर काय उत्तर द्यावयाचें, हा एक. 'ऑक' भाषेंत नसलेली नोंद नुसती विचारली तरी ती रिकामी म्हणून तयार होते; चौकशी केली म्हणून खतावणींत पान उघडावें, तसाच हा प्रकार. म्हणून नोंद आहे कीं नाहीं एवढेंच पाहण्यासाठीं त्या भाषेंत निराळा शब्द ठेवावा लागला. पीएचपी सूचना देऊन 'कांहीं नाहीं' हें मूल्य परत करते. पण 'पान नाहीं' आणि 'पान आहे, त्यावर कांहीं नाहीं' या दोन अवस्था त्यामुळें सारख्याच दिसूं लागतात, व त्या वेगळ्या ओळखण्यास स्वतंत्र क्रिया वापरावी लागते. लुआंत ही दुसरी अवस्था संभवतच नाहीं: नोंदीच्या जागीं 'कांहींच नाहीं' असें लिहिणें म्हणजेच ती नोंद काढून टाकणें. तिन्ही उत्तरें चालण्यासारखीं आहेत. तीं आधीं स्पष्ट सांगितलेलीं असलीं म्हणजे झालें.

दुसरा प्रश्न क्रमाचा. सर्व नोंदी एकामागून एक वाचतांना त्या कोणत्या क्रमानें याव्यात? 'ऑक' आणि लुआ कोणत्याहि क्रमाचें वचन देत नाहींत. पीएचपी नोंदी जशा घातल्या तशाच देते. जावास्क्रिप्टचा जुना ऑब्जेक्ट पूर्णांकासारख्या खुणा चढत्या क्रमानें आधीं देतो आणि बाकीच्या घातलेल्या क्रमानें मागून. त्यामुळें गुणानुक्रमें मांडलेली विद्यार्थ्यांची यादी, त्यांचे परीक्षाक्रमांक खूण म्हणून घेतल्यास, न सांगतां परीक्षाक्रमांकाच्या क्रमानें लागते. येथेंहि जें मजकूर म्हणून दिलें तें संख्येसारखें दिसलें म्हणून निराळ्या वागणुकीस पात्र झालें.

मराठी लिहिणारांना या विषयाचा संबंध दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. पीएचपींतील पूर्णांकाचा नियम फक्त इंग्रजी आकड्यांना लागू आहे. देवनागरींत लिहिलेला '४११' मजकूरच राहतो. एकाच यादींत कोणी इंग्रजी आकडे टंकावेत आणि कोणी देवनागरी, तर एकाच पेठेचीं दोन पानें होणार. त्याहून सूक्ष्म प्रकार 'कऱ्हाड' या नांवाचा आहे. यांतील पाऊण 'र' संगणकांत तीन प्रकारांनीं लिहितां येतो: त्यासाठीं ठरलेल्या एका स्वतंत्र अक्षरानें, साध्या 'र' खालीं नुक्ता देऊन, किंवा 'र' ला हलंत करून पुढें एक अदृश्य जोडचिन्ह घालून. तिन्ही रूपें डोळ्यांना सारखींच दिसतात. संगणकाला मात्र तीं तीन गांवें वाटतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाची क्रिया आधीं केली तर पहिलीं दोन रूपें एक होतात; तिसरें तरीहि वेगळेंच राहतें, आणि त्यासाठीं यादी करणारानें आपला नियम स्वतः घालावा लागतो. येथें भाषाकाराचा दोष नाहीं. नांव एकच आहे हें ठरविण्याचा अधिकार त्याच्याकडे नसून नांव वापरणाऱ्या समाजाकडे आहे, आणि तो समाजानें प्रोग्रॅम लिहिणाराला सांगितला पाहिजे.

यावरून नामसारणी घडविणारासाठीं कांहीं साधे संकेत निघतात. खुणेंत कोणते प्रकार चालतील तें प्रारंभींच ठरवावें, आणि जें चालणार नाहीं तें गुपचूप बदलून न घेतां परत करावें. दोन खुणा एकच केव्हां, याचा नियम एका वाक्यांत सांगतां येईल इतका लहान ठेवावा. अपवाद जोडावा लागूं लागला, कीं नियमच चुकला असें समजावें. एकच मानलेल्या खुणांचा कप्पाहि एकच निघेल याची खात्री करून घ्यावी, नाहीं तर ठेवलेली नोंद पुन्हां सांपडणारच नाहीं. ओळीची सारणी व नामसारणी एकाच वस्तूंत ठेवावयाच्या असतील, तर ती वस्तु कोणत्या कामावर आहे हें तिच्या खुणांवरून ओळखण्याचा प्रयत्न करूं नये. प्रोग्रॅम लिहिणारानेंहि आपल्याकडून एवढें करावें, कीं सभासदक्रमांक, दूरध्वनि किंवा टपालक्रमांक हीं अंकांचीं वेषांतरें केलेलीं नांवें आहेत, हें विसरूं नये. त्यांची बेरीज कोणी करीत नाहीं. तीं मजकूर म्हणून राहावींत यासाठीं त्यांच्यामागें एखादें अक्षर जोडून ठेवणें हा पीएचपींत अजूनहि सर्वांत निर्धोक उपाय आहे.

जुन्या पेढीवरचा कारकून खातें उघडतांना नुसतें नांव लिहून थांबत नसे. त्याच नांवाचीं दोन माणसें गांवांत असूं शकतात हें त्याला ठाऊक होतें, म्हणून तो पुढें बापाचें नांव लिही, आणि तेवढ्यानेंहि भागत नसेल तर गांव लिही. रकमेंत दोन आण्यांची सूट देण्याचा अधिकार मालकाला असे. परंतु एकाच्या खात्यावर दुसऱ्याचें नांव चढविण्याची सूट त्या पेढींत कोणालाच नसे.